डॉक्टरलाही झोप हवी

रात्रभर पिकाला दारे धरली, की दुसऱ्या दिवशी विळा बोटाला लागतो. अंगात बळ असतं, पण डोकं जाग्यावर नसतं. डॉक्टरचंही तसंच आहे, बरं का!

डॉक्टरकीची परीक्षा झाली, की मोठ्या दवाखान्यात राहून काम शिकावे लागते. या शिकाऊ डॉक्टरांना कधी कधी दिवस, रात्र आणि पुन्हा दिवस असे सलग काम पडते. मग औषध चुकते, नाहीतर मात्रा चुकते.

अमेरिकेत बोस्टन शहरी याची पाहणी झाली. तिचा निकाल 2004 साली छापला. पाळी लहान असताना जेवढ्या कामात 100 गंभीर चुका होत, तेवढ्याच कामात 24 तासांहून लांब पाळीत सुमारे 136 होत. दवाखाना तोच, विद्या तीच. फरक झोपेचा! न्यूयॉर्क राज्याने तर 1989 सालीच अशा पाळ्यांना कायद्याने मर्यादा घातली.

आपण काय करावे? दमलेल्या डॉक्टरवर ओरडू नये. रोग्याला घरी कोणते औषध चालू आहे, कोणते सोसत नाही, ते आपणहून सांगावे. पाळी बदलली, की नव्या डॉक्टरला पुन्हा सांगावे. आणि डॉक्टरांच्या पाळ्या लहान असाव्यात, अशी मागणी कोणी केली, तर ती आपल्याच जिवासाठी आहे हे ओळखावे.