बांध, चाकोरी आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये वसलेल्या, आणि दिवा-वसई मार्ग जेथे मुख्य मार्गाच्या वरून जातो त्या कोपरच्या परिसरातील गृहसंकुलांत एमएच-०५ क्रमांकाच्या, उंच बांध्याच्या पण आखूड लांबीच्या मोटारी आता जागोजागी उभ्या दिसतात. आठवडाभर कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडी आणि खड्डे सोसणाऱ्या या मोटारी सुटीच्या दिवशी मलंगगडाच्या पायथ्याकडे, बदलापूरमार्गे बारवी धरणाकडे किंवा मुरबाड तालुक्यात म्हसा ओलांडून गोरखगडाच्या पायथ्याच्या देहरी गावाकडे वळतात. डांबरी रस्ता संपून मुरमाची वाट सुरू झाली की या मोटारींचा रांगडा चेहरामोहरा आणि त्यांची प्रत्यक्ष यंत्ररचना यांतील अंतर उघड होऊ लागते. ते नेमके किती आहे, हे जाणून घेणे मालकाच्या हिताचे असते.

‘क्रॉसओव्हर’ म्हणजे जीपसारखी उंच दिसणारी, परंतु आतून साध्या मोटारीसारखी बांधलेली गाडी. जीप, थार किंवा गुरखा यांचा सांगाडा शिडीसारख्या जाड लोखंडी चौकटीवर उभा असतो आणि त्यांत चारही चाकांना ताकद देण्याची सोय असते. क्रॉसओव्हरमध्ये स्वतंत्र चौकट नसते, पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो आणि इंजिनाची ताकद बहुतेक वेळा केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. जपानच्या टोयोटा कंपनीने १९९४ मध्ये आणलेली ‘आरएव्ही-४’ ही या प्रकाराची आद्य गाडी मानली जाते. भारतात या प्रकाराला आखूड रूप दिले ते करांनी. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि ठरावीक क्षमतेच्या आतील इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क कमी केले आणि त्या मर्यादेत बसणाऱ्या गाड्यांना बाजार मिळाला. चिंचवडच्या प्रीमिअर कंपनीची ‘रिओ’ २००९ मध्ये आली. पुढे फोर्डची ‘इकोस्पोर्ट’ २०१३ मध्ये, मारुतीची ‘व्हिटारा ब्रेझा’ २०१६ मध्ये आणि पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटांची ‘नेक्सॉन’ २०१७ मध्ये बाजारात आली. वस्तू व सेवा कर परिषदेने जुलै २०२३ मध्ये मोठ्या उपयुक्तता वाहनांसाठी जे निकष स्पष्ट केले, त्यांत लांबी, इंजिनाची क्षमता आणि रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची किमान १७० मिलिमीटर उंची यांचा उल्लेख आहे, पण ताकद किती चाकांना मिळते याचा नाही. सरकारनेही उंचीच मोजली, मग ग्राहकाला दोष का द्यावा?

ही उंची, म्हणजेच ग्राउंड क्लिअरन्स, खोटी नसते. नेक्सॉनची ती सुमारे २०८ मिलिमीटर आणि ब्रेझाची १९८ मिलिमीटर सांगितली जाते, आणि सेडान मोटारीचे पोट जेथे हमखास घासते अशा दगडांवरून या गाड्या बिनबोभाट निघून जातात. मात्र हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि मागे सामान भरल्यावर स्प्रिंगा दबून गाडी खाली बसते आणि तेही मागच्या बाजूला अधिक. शिवाय उंची हे एकच माप पुरेसे नसते. समोर अचानक उठलेल्या चढावर चाक टेकण्याआधी बंपर टेकणार नाही असा सर्वांत मोठा कोन, चढ उतरताना मागचा बंपर सुटा राहील असा कोन, आणि उंचवटा ओलांडताना पोट न घासता पुढच्या-मागच्या चाकांमध्ये मावेल असा कोन, अशी आणखी तीन मापे असतात. टाटांच्या ‘पंच’चे हे कोन अनुक्रमे सुमारे २०, ३७ आणि २२ अंश आहेत, तर नाशिकला तयार होणाऱ्या २०२० च्या ‘थार’चे सुमारे ४१, ३६ आणि २७ अंश. या आकड्यांतील मौज अशी की मागच्या बाजूने पंच थारच्या तोडीस तोड आहे, पण पुढून ती निम्म्यावर येते, कारण पुढच्या चाकांच्या पुढे लांब नाक आणि खाली उतरलेला प्लास्टिकचा बंपर असतो.

भातखाचरांतून जाणारी वाट पाहिली म्हणजे या कोनांचा अर्थ ध्यानात येतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी ओल्या मातीत खोल चाकोऱ्या पडतात, दिवाळीनंतर त्या तशाच वाळून दगडासारख्या होतात, आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये मातीचा कणा उभा राहतो. ट्रॅक्टरचे पोट उंच असल्यामुळे त्याला या कण्याचा उपद्रव नसतो. क्रॉसओव्हरची चाके चाकोरीत उतरली की तिचे पोट कण्यावर टेकते, चाके अर्धवट अधांतरी राहतात आणि गाडी जागच्या जागी अडकते. इंजिनाखाली जे तेलाचे भांडे असते, ज्याला गॅरेजमध्ये ‘चेंबर’ म्हणतात, ते पुष्कळ गाड्यांत केवळ पातळ आच्छादनाने झाकलेले असते आणि कण्यात रुतलेला एखादा काळा पाषाण ते फोडू शकतो. उपाय साधा आहे: एका बाजूची चाके कण्यावर आणि दुसऱ्या बाजूची वाटेच्या कडेवर ठेवून, चाकोऱ्या पोटाखाली घेऊन जाणे. त्यासाठी आधी एकाने उतरून वाट पायी पाहावी लागते, आणि ते करण्याचा कंटाळा हेच बहुतेक चेंबर फुटण्याचे कारण असते.

दुसरा पेच बांध तिरका ओलांडताना येतो. पुढचे डावे चाक बांधावर चढते, मागचे उजवेही उंचवट्यावर असते आणि उरलेल्या दोन चाकांवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. पुढच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल नावाची दातेचक्रांची रचना असते, जी वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देते. याच रचनेमुळे हवेत लटकलेले चाक मुकाट फिरत राहते आणि जमिनीवर टेकलेले चाक स्वस्थ बसते, कारण साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो आणि मोकळ्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. आधुनिक गाड्यांतील ट्रॅक्शन कंट्रोल फिरत्या चाकाला ब्रेक लावून काही जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतो. त्याचा उपयोग निश्चित होतो, पण तो काम करू लागण्यासाठी चालकाने ॲक्सिलरेटर एकदम सोडून न देता तो स्थिर व हलका दाबून धरावा लागतो. काही गाड्यांत ‘चिखल’, ‘वाळू’ आणि ‘बर्फ’ अशी निवड करण्याची खुंटी असते. ती याच यंत्रणेची तीव्रता बदलते, मागच्या चाकांना ताकद देत नाही. (‘बर्फ’ या सोयीचा ठाणे जिल्ह्यात काय उपयोग, हे कंपन्याच जाणोत.)

चढावर गाडीचे वजन मागे झुकते, म्हणजे ताकद ज्या चाकांना मिळते नेमकी तीच हलकी होतात. सुट्या मुरमाच्या चढावर पुढची चाके खडे उडवत जागीच फिरू लागली, तर चालवणाऱ्याने हट्ट न करता गाडी सरळ मागे घ्यावी. वाट मोकळी आणि रुंद असेल तर तोच छोटा चढ रिव्हर्समध्ये चढता येतो, कारण तेव्हा वजन पुढच्या चाकांवर येते. थारसारख्या गाडीत लो गिअर असतो, जो वेग घटवून जोर वाढवतो. क्रॉसओव्हरमध्ये तो नसल्याने अगदी सावकाश चढायचे म्हटले की हाफ क्लचवर चालावे लागते, क्लचची पट्टी तापते आणि जळका वास येतो. एएमटी, म्हणजे स्वतःहून क्लच दाबणारा गिअरबॉक्स, असेल तर हा वास चालकाच्या चुकीशिवायही येतो. तेव्हा थांबून गाडी थंड होऊ द्यावी.

पावसाळ्यात हे सगळे हिशेब बदलतात. मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. पाणी त्यातून झिरपून जाते आणि चाक धरून राहते. खाचराची चिकण माती मात्र टायरच्या खाचा भरून टाकते आणि रस्त्यासाठी बनवलेला टायर काही फेऱ्यांतच गुळगुळीत चाकासारखा वागतो. हवा थोडी कमी केल्याने टायरचा जमिनीशी लागणारा पट्टा मोठा होतो आणि कोरड्या वाळूत किंवा सुट्या मुरमात फायदा होतो, पण परतताना डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी ती पुन्हा भरावी लागते; चिकण चिखलात मात्र हा उपाय तोकडा पडतो.

पाणी हा सर्वांत गंभीर धोका आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटी व हेलिकॉप्टरच्या साह्याने बाहेर काढावे लागले. ज्या पाण्यात रेल्वे थांबते त्याच्या काठच्या फरशी पुलांवरून मोटार घालण्याचा विचार तरी कोणी का करावा? इंजिनाला हवा पुरवणारे नळकांडे बोनेटच्या पुढच्या बाजूला असते. तेथून पाणी आत गेले तर ते दबत नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत अशा नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनसंरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते. विजेवर चालणाऱ्या गाडीला हे नळकांडे नसते, पण वाहत्या पाण्यात चाके उचलली जाण्याचा धोका तिलाही तितकाच असतो.

चारही चाकांना गरजेनुसार ताकद देणारे क्रॉसओव्हरही मिळतात. रेनोने २०१४ मध्ये ‘डस्टर’ची अशी आवृत्ती आणली होती आणि मारुतीच्या २०२२ च्या ‘ग्रँड व्हिटारा’तही हा पर्याय आला. तिरक्या बांधावर आणि मुरमाच्या चढावर त्यांचा फरक स्पष्ट जाणवतो. मात्र पोट, बंपर आणि टायर साधेच राहतात.

कायद्याचे भानही हवे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो आणि अभयारण्यातील प्रवेशावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निर्बंध आहेत. गाडी तेथे मळलेल्या वाटेबाहेर घालणे हा खेळ नव्हे. खाचराचा बांधही कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि तो फुटला की पाणी शेजारच्या शेतात जाते.

एकंदरीत नोव्हेंबर ते मे या काळात, गावकऱ्यांच्या मोटारसायकली आणि टेम्पो ज्या वाटेने रोज जातात, त्या वाटेसाठी साधा क्रॉसओव्हर पुरेसा आहे. जून ते सप्टेंबरमध्ये गाडी गावातच उभी करून पुढे पायी जावे. आणि कोपरहून निघण्याआधी आणखी एक काम करून ठेवावे: टोचन करण्याचा हुक बहुतेक गाड्यांत जॅकसोबत सुटा ठेवलेला असतो आणि बंपरवरचे छोटे झाकण काढून आत पिळून बसवावा लागतो, तो आपल्या गाडीत कोठे बसतो आणि त्याचे आटे सुलटे आहेत की उलटे, हे उजेडात, कोरड्या जागी पाहून घ्यावे.