इंजिनाचे आकडे चालकाच्या नजरेसमोर

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या तोंडाशी वसलेले असल्याने विदर्भाचा उन्हाळा आणि डोंगराकडची चढण या दोहोंचा ताण तिथल्या वाहनांच्या इंजिनांवर पडतो. अशा प्रदेशात कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान चालकाला सतत दिसायला हवे; परंतु अलीकडच्या अनेक लहान मोटारींतून तापमानाचा काटाच नाहीसा झाला असून त्याच्या जागी केवळ एक दिवा उरला आहे, आणि तो लाल होतो तेव्हा इंजिन आधीच प्रमाणाबाहेर तापलेले असते. मूळ आकडा मात्र गाडीतच असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक, तो सेन्सरकडून घेऊन त्यानुसार इंधनाची मात्रा ठरवत असतो. घरी डॅशबोर्ड बनवणे म्हणजे हा आकडा ईसीयूकडून मागून पडद्यावर मांडणे होय.

हा मार्ग प्रदूषणविषयक नियमांमुळे खुला झाला. धूर वाढवणारा बिघाड गाडीने स्वतःच ओळखावा यासाठीची ‘ओबीडी’ व्यवस्था अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून तिच्या दुसऱ्या स्वरूपात सक्तीची झाली, तर भारतात भारत स्टेज ४च्या निकषांखाली चारचाकींना तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. 

स्टिअरिंगखालच्या भागात असलेल्या ओबीडीच्या १६ पिनांच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर बहुतेक नव्या गाड्यांत ‘कॅन’ ही, बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली, संदेशवाहिनी असते. एकमेकींना पिळलेल्या दोन तारांतील व्होल्टेजचा फरक हाच तिचा संकेत असल्याने स्पार्क प्लगचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ईएसपी३२सारखा स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि कॅनचे संकेत जुळवून घेणारी छोटी चिप यांच्या साहाय्याने प्रश्न पाठवला की उत्तर काही मिलिसेकंदांत येते. तापमानाच्या उत्तरातील संख्येतून ४० वजा करायचे, म्हणजे १३२ आले तर ९२ अंश सेल्सिअस; इंजिनाच्या फेऱ्यांसाठी दोन संख्या येतात, त्यांतील पहिलीला २५६ने गुणून दुसरी मिळवायची आणि बेरजेला ४ने भागायचे, त्यामुळे २६ आणि २४८ या जोडीचा अर्थ मिनिटाला १७२६ फेऱ्या असा होतो. फेऱ्या क्षणाक्षणाला बदलतात म्हणून त्या वारंवार विचाराव्यात. तापमान सेकंदातून एकदा विचारले तरी पुरते.

या उपकरणाने फक्त वाचावे, हे बंधन बनवणाऱ्याने कटाक्षाने पाळले पाहिजे. बिघाडाचे कोड पुसण्याची आज्ञाही याच सॉकेटमधून देता येते, पण कोडबरोबर बिघाडाच्या क्षणी नोंदलेली फेऱ्या, वेग, तापमान यांची माहितीही पुसली जाते आणि गॅरेजमधल्या मेकॅनिकच्या हातातला सर्वांत मोलाचा धागा तुटतो. शिवाय १६ क्रमांकाच्या पिनेवर चावी काढल्यानंतरही बॅटरीचा प्रवाह चालू राहतो. तेव्हा फेऱ्या शून्य झाल्यावर पडदा आणि मायक्रोकंट्रोलर दोन्ही झोपतील अशी सोय प्रोग्रॅममध्ये असावी, आणि फ्यूज तर हवाच.