बाळाला पहिली शी झाली नाही? लॅबमधला रंग सांगतो कारण
जन्मल्यापासून २४ तास उलटले तरी बाळाला पहिली काळी शी झाली नाही, तर डॉक्टरांना सांगा. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली तर गुटी उगाळत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

हा हिर्शस्प्रुंग आजार असू शकतो. साधारण ५,००० बाळांत एकाला होतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही.

खात्रीसाठी गुदाशयाचा बारीक तुकडा काढून लॅबमध्ये तपासतात. चेतापेशींत कॅल्शियम धरणारं 'कॅलरेटिनिन' हे प्रथिन असतं. नेमकी त्यालाच चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी तुकड्यावर टाकून रंग देतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. रंग नाहीच, तर संशय पक्का. मग ऑपरेशन करून तो भाग काढतात.