शहापूर-मुरबाडकडे घर विकायचंय? खर्चाचा पहिला हात इथे!

आपल्याकडचा पाऊस माहीत असलेलं गिऱ्हाईक आधी छप्पर आणि भिंतीची ओल बघतं.

✅ फुटकी, सरकलेली कौलं बदला, पन्हळी साफ करा.
✅ ओलीचं मूळ शोधून बुजवा. भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग द्या, नाहीतर महिनाभरात पोपडे सुटतात.
✅ माळा, पडवी मोकळी करा. बिजागऱ्यांना तेल घाला. याला खर्च जवळपास शून्य!
✅ ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या, गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका, नाहीतर सातबारा काढून ठेवा. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करा.

⚠️ आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही (महसूल संहिता १९६६, कलम ३६अ).

रंगाआधी कागद, मंडळी! भाव त्यानेच टिकतो.