बर्निंग बुश: अंगणातली शोभा रानात शिरते तेव्हा

तुमच्यापैकी जे न्यू जर्सी किंवा बोस्टनच्या बाजूला राहतात, किंवा ऑक्टोबरात तिकडे मुलांकडे जाऊन आलेत, त्यांनी आजचं झुडूप बहुतेक पाहिलेलं असणार. घरापुढे, पार्किंगच्या कडेला ओळीने लावलेलं असतं. उन्हाळाभर साधं हिरवं, कुणी ढुंकूनही बघत नाही. ऑक्टोबर आला की अख्खं झुडूप पेटल्यासारखं लाल! म्हणून त्याचं नाव बर्निंग बुश.

शास्त्रीय नाव युऑनिमस अलेटस. अलेटस म्हणजे पंख असलेला. फांदी हातात घेतलीत तर तिच्या लांबीने बुचासारखे उभे पापुद्रे दिसतील, तेच हे पंख. पानं गळल्यावरही झुडूप त्यावरून ओळखता येतं. मूळचं ते चीन, कोरिया, जपानकडचं. जपानीत त्याला निशिकिगी म्हणतात. निशिकी म्हणजे किनखाबासारखं भरजरी कापड.

आता हा लाल रंग येतो कुठून? दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि झाड पानातला नायट्रोजन खोडाकडे ओढून घेतं. गाजरासारखा पिवळा-केशरी रंग पानात आधीपासून असतो, तो आता फक्त उघडा पडतो. लाल रंगाचं मात्र तसं नाही. तो नव्याने तयार होतो. त्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ खाऊन जीभ रंगते, कोकमाचं सरबत लाल दिसतं, ते याच जातीच्या द्रव्यांमुळे. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा आणि पानात अडकलेली साखर, असं जुळून आलं की रंग खुलतो. म्हणून उन्हातलं झुडूप लालभडक होतं आणि दाट सावलीतलं फिकट गुलाबीच राहतं.

इथपर्यंत सगळं छान. पण बरं का, खरी गोष्ट पानात नाही, फळात आहे.

मालकांगोणी पाहिलीय ना? फळ तडकतं आणि आत शेंदरी गराने वेढलेलं बी दिसतं. बर्निंग बुश त्याच कुळातलं. त्याचंही फळ तसंच उकलतं. शेंदरी गर पक्ष्यांना आवडतो. ते तो खातात, उडून जातात आणि बी शेजारच्या रानात टाकतात. हे झुडूप सावलीतही तग धरतं, त्यामुळे मोठ्या झाडांखाली त्याची दाटी होते. खालची स्थानिक रोपं आणि जंगलातल्या मोठ्या झाडांची पिल्लं, दोघांनाही मग उजेड मिळेनासा होतो.

अमेरिकेत हे झुडूप १८६० च्या सुमारास शोभेसाठी आलं. दीडशे वर्षं ते रोपवाटिकांचं लाडकं राहिलं. मग एकेका राज्याने हात आखडला. न्यू हॅम्पशायरमध्ये २००७ पासून, मॅसॅच्युसेट्समध्ये २००९ पासून आणि मेनमध्ये २०१८ पासून त्याची विक्री बंद आहे. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी बी न धरणारं बर्निंग बुशही तयार केलं. तत्त्व बिनबियांच्या कलिंगडाचंच: गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणून बी धरत नाही.

कुणी म्हणेल, "माझ्या दारात एकच तर आहे, त्याने काय होणार?" प्रश्न रास्त आहे. तुमच्या अंगणात ते शहाण्यासारखं उभंच असतं. नुकसान होतं ते पलीकडच्या रानात, जिथे तुम्ही बघायला जात नाही. म्हणून तर इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि हे फक्त तिकडचं नाही. आपली घाणेरी, म्हणजे टणटणी, आठवा. तीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीबेरंगी फुलांसाठीच कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिचीही काळी फळं पक्ष्यांनीच पसरवली. आज व्याघ्र प्रकल्पांतही ती माजलेली आहे आणि काढता काढता वनखात्याच्या नाकी नऊ येतात.

मग करायचं काय? लहान रोपं पाऊस पडून गेल्यावर, ओल असताना मुळासकट उपटा. मोठं झुडूप नुसतं छाटलंत तर बुंध्यातून पुन्हा फुटतं, तेव्हा मूळही खणून काढा. लाल रंगाची हौस आहे? जरूर भागवा. उंच वाढणारी ब्लूबेरी तिकडचीच आहे. शरदात तीही लाल होते, आणि उन्हाळ्यात फळं मिळतात ती वेगळीच. रेड चोकबेरी हाही एक चांगला पर्याय.

रोपवाटिकेत गेल्यावर फूल कसं, पान कसं, एवढं आपण विचारतोच. यापुढे आणखी एक विचारा: याचं फळ कोण खातं, आणि बी कुठे जाऊन पडतं?