‘क्रेदो’ आणि श्रद्धा

नवापूर आणि आसपासच्या जुन्या पश्चिम खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या प्रामुख्याने प्रॉटेस्टंट परंपरेच्या असल्याने त्यांच्या उपासनेत लॅटिनला स्थान मिळाले नाही. तरीही मराठी बायबलमधून त्यांच्या तोंडी रुळलेला ‘विश्वास ठेवणे’ हा शब्दप्रयोग आणि त्याच अर्थाचे ‘क्रेदो’ हे लॅटिन क्रियापद या दोहोंच्या मुळाशी ‘ठेवणे’ ही एकच क्रिया आहे.

‘क्रेदो’ म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’. हे क्रियापद आणि संस्कृत ‘श्रद्धा’ ही एकाच प्राचीन शब्दाची रूपे असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘श्रद्धा’ शब्दातील ‘धा’ म्हणजे ठेवणे, जे ‘निधी’ शब्दातही दिसते. मात्र त्यातील ‘श्रत्’ या पहिल्या भागाविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक त्याचा संबंध हृदयवाचक शब्दाशी जोडतात, तर निघंटू या प्राचीन वैदिक शब्दसंग्रहात तो सत्याच्या नावांमध्ये दिला आहे. गोव्यातील कोंकणी ख्रिस्ती समाज विश्वास ठेवण्याला ‘सत मानप’ म्हणतो, हे या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 151 वे सूक्त तर श्रद्धेलाच देवता मानून रचलेले असून तेथे तिचा संबंध यज्ञ आणि दान यांच्याशी आहे.

रोमन लोकांनी हेच क्रियापद पैशाच्या व्यवहारातही वापरले. कोणाच्या हाती रक्कम सोपवणे म्हणजे ‘क्रेदेरे’, आणि सोपवलेली रक्कम ‘क्रेदितुम’. त्यातूनच ‘क्रेडिट’ हा शब्द आला, ज्याला मराठी बाजारपेठ ‘पत’ म्हणते. धर्मातील विश्वास ही केवळ मनातली समजूत नव्हे, तर स्वतःजवळचे काही दुसऱ्याच्या स्वाधीन करणे आहे, हे या व्यवहारी अर्थामुळे अधिक स्पष्ट होते.

ख्रिस्ती लेखकांनी या शब्दाला नवे वळण दिले. संत ऑगस्टीन (354–430) यांनी देवाचे म्हणणे खरे मानणे, देव आहे असे मानणे आणि देवावर विश्वास ठेवणे असे तीन प्रयोग वेगळे केले. पहिले दोन दुष्टात्म्यांनाही जमतात, तिसऱ्यात मात्र प्रेमाने देवाकडे जाणे अभिप्रेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीने हा भेद ‘मानणे’ आणि ‘वर विश्वास ठेवणे’ यांतून सहज सांभाळला आहे. रोमच्या प्राचीन बाप्तिस्माविधीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी तीन प्रश्न विचारले जात, आणि प्रत्येक वेळी ‘क्रेदो’ असे उत्तर दिल्यावरच त्या व्यक्तीला पाण्यात बुडवले जाई.