चांदी खामगावची, घडणावळ कुणाची?

वऱ्हाडात लग्न ठरलं की चांदीसाठी खामगावची फेरी ठरलेली. जोडवी गावच्या सोनाराकडेही मिळतात. पण ताम्हन, समई, देवळाची प्रभावळ किंवा पादुका घ्यायच्या तर लोक बुलढाणा जिल्ह्यातलं हे शहर गाठतात. त्याला ‘रजतनगरी’ म्हणतात, तरी इथल्या मातीत पिकला तो कापूस.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची बाजारपेठ एवढी वाढली, की १८७० मध्ये जलंब–खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. इथली सराफी या पैशाच्या मागोमाग बळावली असावी, असं मला वाटतं. हंगामाची शिल्लक अंगावर आणि देवघरात ठेवायची रीत शेतकऱ्याच्या घरात होतीच.

नाव झालं ते मात्र टंचामुळे, म्हणजे चांदीच्या शुद्धतेमुळे. शुद्ध चांदी मऊ असते; दागिना टिकावा म्हणून तिच्यात तांबं घालतात. शेकडा साडेसात भाग तांबं पडलं की ती ९२५ ची चांदी, शहरी शोरूममध्ये दिसते ती. कमी भेसळीत काम करायचं तर सगळा भार हातावर येतो. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून तो पुन्हा तापवून नरम करायचा, पुन्हा ठोकायचा. जोड द्यायचा तर टाका लागतो. टाका चांदीच्या आधी वितळला पाहिजे, म्हणून त्यात तांबं-जस्त असतं, आणि जितके टाके तितका टंच खाली. एका पत्र्यातून उठवलेल्या वाटीचा टंच टिकतो. कड्यांनी भरलेल्या पैंजणाचा त्या मानाने उतरतो. देवघरातला टाक, म्हणजे देवाची छोटी प्रतिमा, तर ठशावर पातळ पत्रा ठोकून उठवलेला. खंडोबाचा घोडा नखाएवढ्या जागेत ओळखू आला पाहिजे.

या कौशल्याची किंमत म्हणजे घडणावळ. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली आणि वर्षअखेर दोन लाखांवर पोचली. जगातली निम्म्याहून अधिक चांदी आता उद्योगांना लागते; सौर पॅनेलवरच्या बारीक रेघाही चांदीच्याच. म्हणजे शेतातला सौरपंप आणि घरातलं पैंजण एकाच धातूचे गिऱ्हाईक झाले. भाव चढतो तेव्हा सराफाकडच्या मालाची किंमत चढते; घडणावळ त्या वेगाने वाढत नाही. गिऱ्हाईक तर तीच आधी घासाघीस करून कमी करतं. मोडीला नेलं की वजन होतं, टंच पाहतात, दिवसाचा भाव लागतो, घडणावळ बुडीत. कोल्हापूरकडच्या हुपरीच्या पैंजणांचंही तेच. पारंपरिक कला आधुनिक बाजारात टिकल्याचं कौतुक आपण करतो, पण इथे टिकली ती मुख्यतः धातूच्या भरवशावर.

सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सोनारही आहे: अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजाने कर्ज. मदत खरी, पण ती मजुरीचा दर ठरवत नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्कच्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आला. हॉलमार्क अजून ऐच्छिकच आहे. मोबाइलवर तो क्रमांक टाकला की शुद्धता कळते, सराफाची नोंदणी कळते. घडवणाऱ्याच्या नावाला तिथे जागा ठेवलेली नाही.